फोर्ट्रानच्या 'रॅपर'ला मराठीत काय म्हणायचं?

दांडियाबाजारकर: बडोद्यातल्या आपल्या मराठी पोरांसाठी न्यूमेरिकल मेथड्सच्या नोट्स मराठीत लिहितोय, आणि 'रॅपर'पाशी गाडी अडलीये. लापॅक या रेषीय बीजगणिताच्या संग्रहातली, फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली रूटीनं पायथनमधून वापरायला एफटूपाय हे साधन दोन्हींच्या मधे जो जोडकोड बनवून देतं तो. कोशात 'वेष्टन' आहे, पण त्याने मला साबणाचा कागदच आठवतो. 1931 साली इथे सयाजीरावांच्या काळात कारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला होता, पण त्यात हे कुठलं मिळायला, फोर्ट्रानच आलं 1957 ला!

मकरपुरा_मेकॅनिकल: वेष्टन नकोच, ते फाडून फेकतात. 'गवसणी' बघा, मापाची शिवलेली.

दांडियाबाजारकर: शब्द झकास, पण तंबोरा वाजवताना गवसणी काढतात ना हो, इथे घालूनच वाजवायचंय.

सहावा_कॉलम: आधी आत काय चालतं ते बघा. लापॅकमधलं डीजीईएसव्ही घ्या, ए हा मॅट्रिक्स आणि बी ही उजवी बाजू दिली की रेषीय समीकरणं सोडवतं. नाव असं तुटक कारण जुन्या फोर्ट्रानात नावाला सहाच अक्षरं, डी म्हणजे डबल प्रिसिजन (जास्त अचूक दशांश आकडे), जीई म्हणजे जनरल मॅट्रिक्स, एसव्ही म्हणजे सॉल्व्ह. आर्ग्युमेंटं आठ, सगळ्यांचे मेमरीतले पत्ते पाठवायचे, आणि उत्तर बी वरच लिहून येतं, म्हणजे तुमची मूळ उजवी बाजू गेली, ए सुद्धा आतून बदललेला. वर फोर्ट्रान मॅट्रिक्स कॉलमप्रमाणे ठेवतं, नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) सहसा ओळीप्रमाणे, तसाच सरळ दिलात तर ट्रान्सपोझचं, म्हणजे ओळी-कॉलम उलटलेल्या मॅट्रिक्सचं उत्तर येतं आणि एरर काही येत नाही, बसा शोधत. पायथनवाला फक्त ए न् बी देतो, बाकी साइझेस भरणं, कॉपी काढणं, पिव्हटला (ओळींच्या अदलाबदलीच्या नोंदीला) जागा देणं हे सगळं रॅपर निस्तरतो. ह्याला झाकणं कसं म्हणणार? 'दुभाष्या' म्हणा.

मकरपुरा_मेकॅनिकल: पटलं, पण क्रियापद? 'रूटीनला दुभाष्या लावला' चालेल बहुतेक.

फतेगंजवाली: आणि फोर्ट्रान 2003 मधल्या सी बाइंडिंगला (सी भाषेशी जोडायच्या सोयीला) काय, 'बांधणी'? गुजरातेत राहून बांधणी लिहिलंत तर वर्ग साड्यांवर जाईल 😄

दांडियाबाजारकर: बाइंडिंग बाइंडिंगच राहू दे. रॅपरपण तसाच ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे फक्त 'म्हणजे मधला दुभाष्या' एवढं जोडतो. आठ आर्ग्युमेंटांचं मात्र पूर्ण लिहावं लागणार, विशेषतः इन्फो (काम नीट झालं का ते सांगणारा शेवटचा आकडा) शून्य आला नाही तर काय समजायचं ते, कारण पोरं तिकडे बघतच नाहीत.