थंडीच्या सकाळी एकाच वेतातली दोन कुत्री: बरोबर न्यावीत की वेगवेगळी?

पायवाट:
नमस्कार. माझ्याकडे एकाच वेतातली दोन कुत्री आहेत; भाऊ दाट केसांचा, तर बहीण आखूड केसांची. दोघांचे वय दीड वर्ष आहे. आम्ही वस्तीपासून दूर, मोकळ्या रानाला लागून राहतो आणि उजाडण्याच्या सुमारास मी दोघांना एकत्र फिरायला नेतो. एरवी बरी चालणारी ही जोडी थंडी पडल्यापासून आवरेनाशी झाली आहे. दोघेही नाक जमिनीला लावून ओढत सुटतात, आणि दूरवर एखादे जनावर दिसले पण दोरीमुळे तिकडे जाता आले नाही, की एकमेकांवरच दात काढतात. त्यातच बहीण अर्ध्या वाटेत एक पाय वर धरून उभी राहते आणि पुढे यायला तयार होत नाही. त्यांना वेगवेगळे न्यावे असा सल्ला मिळतो, परंतु सकाळच्या वेळात दोन फेऱ्या बसवणे अवघड आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रानवारा:
तुम्ही वर्णन केलेल्या दोन गोष्टींची कारणे वेगळी आहेत, म्हणून आधी ओढण्याविषयी लिहितो. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड व जड होऊन खालीच बसून राहते, आणि रात्रभर फिरलेल्या प्राण्यांचा गंध वर न पसरता गवताच्या उंचीवर साचतो. तुमच्या कुत्र्यांना पहाटेची पायवाट ताज्या बातम्यांनी भरलेली मिळते, त्यामुळे त्यांच्या ओढण्याला हट्टीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दात काढण्याचे कारण मात्र जोडीत आहे. समोरच्या जनावरापर्यंत पोहोचता आले नाही की ती उत्तेजना जवळ जो असेल त्याच्यावर निघते, आणि जवळ असते ते भावंडच. एकत्र वाढलेल्या भावंडांच्या अशा वागण्याला अनेक जण एखाद्या आजारासारखे नाव देतात. पशुवैद्यकात तसे कोणतेही मान्य निदान नाही. प्रत्येकाला एकट्याने जग पाहण्याची सवय लागलेली नसते, इतकाच त्याचा अर्थ. ती सवय वेगळ्या फेऱ्यांनीच लागते. एकटे असताना तुमच्याकडे वळून पाहायला जे शिकत नाही, ते जोडीत असताना शिकण्याची शक्यता फारच कमी.

एकत्र नेणे भागच असेल तेव्हा एका दोरीला दोन फाटे असलेला जोडपट्टा वापरू नये, कारण एकाच्या झटक्याने दुसऱ्याची मान ओढली जाते आणि भांडण जुंपले तर दोघांना दूर करता येत नाही. दोन स्वतंत्र दोऱ्या, दोन हातांत, आणि गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस, ही व्यवस्था अधिक सुरक्षित आहे.

शेकोटी:
वरील प्रतिसाद पटला, परंतु बहिणीच्या पायाकडे दुर्लक्ष होऊ नये. कुत्र्याच्या पंजात रोहिण्या आणि नीला इतक्या लगत असतात की पायाकडे जाणाऱ्या उबदार रक्ताची ऊब परतणाऱ्या थंड रक्ताला मिळते, म्हणून नुसत्या गार जमिनीने निरोगी पंजा सहसा दुखत नाही. तेव्हा ती पाय उचलते त्या वेळी बोटांच्या मधली जागा तपासावी. तिथे बर्फाचा गोळा, काटा, गवताचे कुसळ किंवा चिरलेली गादी सापडण्याचा संभव आहे. काहीच सापडले नाही आणि नेहमी तोच पाय उचलला जात असेल, तर पशुवैद्यांना दाखवावे. पाय बदलून बदलून उचलत असेल आणि पाठ वाकवून थरथरत असेल, तर तिला खरोखर थंडी वाजते आहे असे समजावे.

आखूड केसांच्या कुत्र्यांना तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्रास होऊ लागतो. दाट केसांच्या भावाला तेव्हा काहीच जाणवत नसेल. दवाने पोट आणि पाय भिजले की केसांची ऊब धरून ठेवण्याची शक्ती संपते, म्हणून तिला छाती व पोट झाकणारी, पाणी आत न येऊ देणारी झूल घालावी आणि घरी आल्यावर आधी पोट कोरडे करावे. थरथर थांबूनही ती सुस्त किंवा अडखळती दिसली, तर बरे वाटले असे समजू नये. शरीर फार गार पडल्याचे ते लक्षण असते आणि तिला लगेच उबेत नेऊन पशुवैद्यांशी संपर्क साधावा लागतो.

पायवाट:
दोघांचे मनापासून आभार. पंजे आजच तपासतो. एक शंका उरते: एकाला नेले की घरी राहिलेले दुसरे दार ओरबाडत रडते. त्यावर काय करावे?

रानवारा:
सुरुवातीला वेगळी फेरी अगदी छोटी ठेवावी, अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्याइतकी, आणि मागे राहणाऱ्याला त्या वेळेत चघळायला काहीतरी द्यावे, जे एरवी मिळत नाही. रडणे सुरू होण्याआधी परत आलात तरच अंतर वाढवता येते. रोज पूर्ण लांबीच्या दोन फेऱ्यांची गरज नाही. एक दिवस एकाला लांब आणि दुसऱ्याला छोटी, दुसऱ्या दिवशी उलट, असे केले तर सकाळच्या वेळात बसते. आधी कोण जाणार हेही बदलत राहावे, मात्र दाट दव किंवा बोचरा वारा असलेल्या दिवशी भावाला आधी आणि बहिणीला ऊन वर आल्यानंतर न्यावे. तोपर्यंत जमिनीलगतचा गंधही विरळ झालेला असतो, त्यामुळे ती तुमचे अधिक ऐकेल.