प्रतिसाद: मागची छपाई म्हणजे दोष नव्हे

फ्रांचेस्को स्फोर्झाच्या (मिलानचा ड्यूक) जुन्या छापील चित्रामागे लॅटिन मजकूर आहे म्हणून ते बनावट असेल, असं वर म्हटलंय. मला उलट वाटतं. इटलीतल्या कोमोच्या पाओलो जोव्हिओने राजे, सरदार, सेनापतींच्या तसबिरींचा मोठा संग्रह केला होता. तो 1552 मध्ये वारला. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या पेर्ना या मुद्रकाने टोबियास श्टिमर या चित्रकाराला कोमोला पाठवून त्या उतरवून घेतल्या आणि 1575 पासून लाकडी ठशांनी पुस्तकांत छापल्या. लाकडी ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापता येतो, त्यामुळे पानामागे मजकूर असणारच! तुमचं पान अशाच एखाद्या पुस्तकातून कापलेलं असावं. (पुस्तकं फाडून पानं विकणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.)

तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. तिथे दाबामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडेची खोलगट चौकट उमटते, बोट फिरवलं की लागते. पण तीही नसली तर लगेच बाद करू नका. माझ्याकडच्या एका मेदिची घराण्यातल्या ड्यूकच्या चित्राचा समास कुणीतरी फ्रेममध्ये बसवायला पार कातरलाय. कागद उजेडासमोर धरल्यावर हातकागदाच्या साच्याच्या बारीक समांतर रेघा दिसल्या, म्हणजे कागद जुन्या पद्धतीचा, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मागची बाजू आणि पानाचं माप टाका ना इथे.