मदत हवी आहे: रेडिएशननंतर स्तनाची पुनर्रचना आणि जवळीक

वय ४३. कर्करोगामुळे डाव्या स्तनाची मॅस्टेक्टॉमी (स्तन काढण्याची शस्त्रक्रिया) होऊन १४ महिने झाले. केमो, रेडिएशन संपलं, टॅमॉक्सिफेन (हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) चालू आहे. रेडिएशन झालेल्या जागी इम्प्लांट आवळून कडक होण्याचा धोका जास्त, म्हणून डॉक्टर पोटाची कातडी-चरबी वापरून पुनर्रचना सुचवतात. सिझेरियनचा व्रण आहे, तरी चालेल म्हणाले. स्पर्श पूर्वीसारखा कळणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

माझी अडचण तिथेच आहे. नवरा फार समजून घेतो, पण मी अजून दिवा मालवूनच, ब्रामधला कापसाचा पॅड न काढता झोपते. योनीच्या कोरडेपणावर साधं जेल वापरते, बराच फरक आहे. हार्मोनचं क्रीम नको आहे.

ही शस्त्रक्रिया केलेल्या मैत्रिणींनो, नवऱ्याचा हात तिथे पडल्यावर ती जागा तुम्हाला स्वतःची वाटली का? किती महिन्यांनी?