भाचीला 'लिंगर' गायचंय : कुठली आवृत्ती ऐकवू, कशी बसवू?

गंगापूररोड

नमस्कार मंडळी. भाची सोळा वर्षांची आहे, अकरावीत. सहा वर्षं शास्त्रीय शिकतेय. कॉलेजच्या गॅदरिंगला तिने द क्रॅनबेरीज या आयरिश बँडचं 'लिंगर' गायचं ठरवलंय आणि गिटारवर मामाने, म्हणजे मी, साथ करायची आहे. मला जेमतेम ओपन कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून धरायचे सोपे कॉर्ड) वाजवता येतात. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

मूळ पट्टी तिला वरच्या जागी चढी पडते, तर काय करावं? या गाण्याच्या बऱ्याच आवृत्त्या दिसतात, त्यांतली कोणती समोर ठेवून बसवावं? आणि तिने गाण्यामागची गोष्ट विचारली, ती मला नीट सांगता आली नाही. कुणाला ठाऊक असेल तर सविस्तर लिहा. हातात पाच आठवडे आहेत.

जुनीकॅसेट

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण माझ्या मते बाकी दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत.

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात १९८९ साली नोएल आणि माइक होगन हे भाऊ आणि ड्रमर फर्गल लॉलर यांनी हा बँड काढला. पहिला गायक वर्षभरात सोडून गेला. १९९० मध्ये डोलोरेस ओ'रिअर्डन नावाची मुलगी चाचणीला आली. जवळच्या बॅलीब्रिकन गावची, घरात सगळ्यांत धाकटी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. नोएलने तिला एक कॅसेट दिली. त्यात नुसती कॉर्डची चाल होती, शब्द नव्हते. ती कॅसेट घरी घेऊन गेली आणि परत आली ती शब्द आणि सुरावट घेऊनच. तेच 'लिंगर'. म्हणजे लिहिताना ती तुमच्या भाचीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी होती.

विषय तिच्या सतराव्या वर्षातला, हे तिने स्वतःच पुढे सांगितलंय. डिस्कोत एका मुलाने नाचायला विचारलं, आयुष्यातलं पहिलं खरं चुंबन झालं आणि ती त्याला पुन्हा भेटायची वाट बघत राहिली. पुढच्या डिस्कोत तो तिच्या समोरून सरळ पुढे गेला आणि तिच्याच मैत्रिणीला नाचायला घेऊन गेला. सगळ्यांच्या देखत. हे भाचीला जरूर सांगा. बरेच जण हे गाणं गोड प्रेमगीत म्हणून हसत हसत गातात. पण त्यात चारचौघांत झालेला अपमान आहे, आणि तरीही त्या माणसावरून मन उठत नाही ही अडचण आहे.

आता आवृत्त्या. पहिलं ध्वनिमुद्रण लिमरिकमधल्या डेमोचं, तेव्हा बँड अगदी कच्चा होता. डोलोरेस इतकी बुजरी की सुरुवातीच्या कार्यक्रमांत प्रेक्षकांकडे पाठ करून गायची. डेमोमुळे आयलंड रेकॉर्ड्सशी करार झाला, पण त्यानंतरच्या १९९१ च्या ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, टीका झाली आणि बँड मोडतो की काय अशी वेळ आली. मग निर्माता म्हणून स्टीव्हन स्ट्रीट आला. त्याने द स्मिथ्स या ब्रिटिश बँडसोबत काम केलेलं, आणि ही मुलं स्मिथ्सची भक्त. १९९२ मध्ये डब्लिनला अल्बम मुद्रित झाला. स्ट्रीटचं मोठं काम म्हणजे त्याने आवाजाला जागा दिली. सुरुवातीला गिटार, मग व्हायोलिनचा ताफा, आणि मधोमध ती एकटी.

म्हणून समोर ठेवायची ती अल्बमचीच आवृत्ती. २०१७ च्या 'समथिंग एल्स'मध्ये आयरिश चेंबर ऑर्केस्ट्रासोबत तिने हे पुन्हा गायलंय. ते भाचीला सगळ्यांत शेवटी ऐकवा. पंचेचाळिशीतली बाई आपल्या सतराव्या वर्षाकडे वळून बघतेय, तो आवाज वेगळाच आहे. सोळाव्या वर्षी त्याची नक्कल करू नये.

सहातारा

कॉर्डचं मी सांगते. मूळ गाणं डी, ए, सी, जी या चारच कॉर्डवर फिरतं, कडवं असो की ध्रुवपद. प्रत्येक कॉर्डवर बराच वेळ थांबायचं असतं. सोपं वाटतं, पण तिथेच हात घाई करतो. मेट्रोनोम (टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र) लावून नुसती गिटार दहा-दहा मिनिटं वाजवा.

पट्टी खाली आणायला ए, ई, जी, डी असे आकार धरा आणि गिटारच्या दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. गाणं सी मध्ये येईल, म्हणजे मूळपेक्षा दोन अर्धस्वर खाली. दुसऱ्या पट्टीवर लावलात तर तीन अर्धस्वर खाली. चारही ओपन कॉर्ड आहेत, बारे कॉर्डची (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या कॉर्डची) गरजच नाही. आधी भाचीला वरची जागा गाऊ द्या, मग कॅपो ठरवा. नुसत्या तोंडी अंदाजावर जाऊ नका.

तंबोरा

मी शास्त्रीय गाणं शिकवते, म्हणून दोन शब्द.

सहातारांनी दिलेल्या मूळ कॉर्ड बघा. डी ला षड्ज धरला तर ए मध्ये शुद्ध निषाद आहे आणि लगेच पुढच्या सी मध्ये कोमल निषाद. आपल्या कानाला खमाजाची आठवण होते ती त्यामुळे. तिथे खमाज आहे असं मी म्हणत नाही, पण भाचीला ही ओळख दिलीत तर सूर चटकन बसेल.

धोकाही तिथेच आहे. आपल्या मुली सवयीने दोन स्वरांमधला सांधा मींडेने भरतात. डोलोरेस तो भरत नाही. तिचा आवाज छातीतून वर जाताना मुद्दाम तुटतो, हुंदका यावा तसा, आणि पुढचा स्वर कोरा लागतो. मींड घेतली की गाणं लगेच भावगीत होतं. मात्र ते तुटणं ओढूनताणून आणायला सांगू नका, घसा धरतो. सांधा न भरता स्वर सोडायला शिकवा, एवढं पुरे. आणि हरकती अजिबात नकोत.

रात्रपाळी

गॅदरिंगच्या गोंगाटात इतकं हळुवार गाणं टिकेल का? त्याच बँडचं 'झॉम्बी' घ्या, पहिल्या ठोक्याला सभागृह उठतं.

जुनीकॅसेट

रात्रपाळी, 'झॉम्बी' मलाही फार जवळचं आहे, पण इथे मी ते सुचवणार नाही. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेच्या बॉम्बस्फोटांत तीन आणि बारा वर्षांची दोन मुलं गेली, त्यावर ते लिहिलंय. सभागृह उठवायला ते वापरावं हे मनाला पटत नाही.

आणि हळुवार गाणं टिकतं का, याचं उत्तर 'लिंगर'च्या इतिहासातच आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये ते ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, आलं तेव्हा ७४ व्या क्रमांकापर्यंतच पोचलं. त्या वर्षी बँड अमेरिकेत दुसऱ्यांच्या आधी वाजवायला गेला, तिकडे कॉलेजांच्या रेडिओवर आणि एमटीव्हीवर गाणं लागत राहिलं. तो कृष्णधवल व्हिडिओ, फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या 'आल्फाव्हिल' चित्रपटाच्या धर्तीवरचा, जरूर दाखवा. १९९४ च्या सुरुवातीला गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत आठव्या क्रमांकावर गेलं. ब्रिटनमध्ये पुन्हा काढलं तेव्हा १४ वं आलं, आणि १९९३ च्या मार्चमधला अल्बम १९९४ च्या जूनमध्ये तिथे पहिल्या क्रमांकावर पोचला. गाणं तेच होतं, त्यात एक सूर कुणी बदलला नव्हता.

शॅननकाठी

मी लिमरिकला शिकायला आहे. इथे हे गाणं आपल्या घरातलं असल्यासारखं म्हणतात. पबमध्ये कुणी गिटारवर सुरू केलं की गप्पा थांबतात आणि ध्रुवपदाला सगळे सूर लावतात. डोलोरेस जानेवारी २०१८ मध्ये गेली, तिला बॅलीब्रिकनलाच पुरलं. मागे राहिलेल्या तिघांनी तिने आधी मुद्रित करून ठेवलेल्या आवाजावर 'इन द एंड' हा अल्बम पूर्ण केला, पुन्हा स्ट्रीटलाच बोलावून, आणि बँड थांबवला. तिच्या जागी दुसरी गायिका घेतली नाही. भाचीला हे गाणं झाल्यावर ऐकायला 'ड्रीम्स' द्या. त्यातला आवाज उलट दिशेने जातो, उघडत जातो.

गंगापूररोड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाचीला डिस्कोची गोष्ट सांगितली. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मामा, मग मी हे हसत गाणार नाही." कॅपो तिसऱ्या पट्टीवर बसला. तंबोराताई, मींड पहिल्या ओळीतून गेली, ध्रुवपदात अजून डोकावते. माझा हात जी वरून डी वर घाईनेच जातो, म्हणून आजपासून मेट्रोनोम. व्हायोलिनचा भाग तिची मैत्रीण वाजवेल म्हणतेय. तिला नेमकं कुठून आत यायला सांगू, पहिल्या ध्रुवपदापासून की थोडं थांबून?

सहातारा

थोडं थांबून. पहिलं कडवं आणि ध्रुवपद दोघांनीच करा, व्हायोलिन दुसऱ्या कडव्यात येऊ दे.