काटा हलत नाही, खाण्यात काय बदलू?

प्रश्न (म्हापसा): उंची १७२ सेंमी, वजन ५२ किलो. तीन महिने जिम, तरी वजन वाढत नाही. सकाळी पेज. सोमवारी शिवराक (शाकाहारी).

उत्तर: सकाळची पेज पातळ असते, पोट भरतं पण कॅलरी कमी. सोबत दोन अंडी, संध्याकाळी ३० ग्रॅम शेंगदाणे नि केळं घ्या, साधारण ४०० कॅलरी वाढतात. प्रथिनं दिवसाला ८५ ग्रॅम हवीत. १०० ग्रॅम बांगड्यात साधारण २०. सोमवारी अळसांद्याचं तोणाक (चवळीची नारळाच्या वाटणातली आमटी) आणि पनीर.

उत्तर: जिममध्ये तेच वजन उचलत राहिलात तर स्नायू वाढणार नाहीत. स्क्वॅट (वजन घेऊन बैठका), बेंच (आडवं पडून वजन वर ढकलणं), रोइंग (वजन अंगाकडे ओढणं), प्रत्येकी ३ सेट (फेऱ्या). तिन्ही सेटमध्ये १२ वेळा जमलं की अडीच किलो वाढवा.