५२वी मर्सेन मूळ संख्या: फर्मा चाचणी पुरे, की ल्युकास-लेमर लागणारच?

(चर्चेतल्या तिघांची टोपणनावं: वर्गमूळ, शेषफल, पायरी.)

वर्गमूळ: २च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळाली, तर ती मर्सेन मूळ संख्या. ही ५२वी: २^१३६२७९८४१ − १, अंक ४,१०,२४,३२०. ११ ऑक्टोबर २०२४ला डब्लिनमधल्या ए१०० या ग्राफिक्स कार्डाने फर्मा चाचणी करून ही संख्या 'बहुधा मूळ' असल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनिओतल्या एच१०० कार्डाने ल्युकास-लेमर चाचणीने ते पक्कं केलं. माझ्या मते खरा शोध पहिल्याच दिवशी लागला. ल्युकास-लेमरमध्ये ४ पासून सुरुवात करून दर पायरीला वर्ग, वजा २, मग तपासायच्या संख्येने भागून बाकी; शेवटी शून्य आलं तर ती मूळ. अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या. मधे यंत्राच्या चुकीने एक बिट (० किंवा १) उलटला तर शेवटी शून्य येत नाही आणि मूळ संख्या हातची जाते. जाकोबी तपासणी अशा चुका निम्म्याच पकडते. फर्मा चाचणी म्हणजे संख्या N मूळ असेल तर ३^(N−१)ला Nने भागून बाकी १ यायला हवी. तिच्यात ३चे नुसते वर्गावर वर्ग असतात, म्हणून तिला गर्बिक्झची तपासणी लावता येते. चूक वाटेतच सापडते आणि मागच्या खात्रीच्या टप्प्यावरून पुन्हा सुरू करता येतं. ते 'वजा २' आलं की ही सोय गेली.

शेषफल: गणित बिनचूक होणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं. ९१ = ७ × १३, तरी ३^९०ला ९१ने भागलं की बाकी १च! पाया म्हणून ३ऐवजी २ घेतलात तर घातांक मूळ असलेली प्रत्येक मर्सेन संख्या पास होते, अगदी २०४७ = २३ × ८९सुद्धा. पाया ३ने २०४७ पकडली जाते, पण म्हणून पास होणं ही सिद्धता ठरत नाही. ल्युकास-लेमरमध्ये शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त. १२७वर हाताने करून बघा: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शोधाची अधिकृत तारीखही १२ ऑक्टोबरच आहे.

वर्गमूळ: जाहीर करण्याआधी सिद्धता हवी, हे मान्यच. पण जवळपास सगळे उमेदवार संयुक्त निघतात आणि फर्मात नापास म्हणजे नक्की संयुक्त. पूर्वी दुबार तपासणीसाठी अख्खी चाचणी पुन्हा चालवावी लागे. आता क्रिप्टोग्राफर पिएत्र्झाकच्या पद्धतीने निकालाबरोबर दाखला देता येतो. तो तपासायला मूळ चाचणीच्या एक टक्क्याहूनही कमी काम पडतं.

पायरी: तुम्ही दोघंही गुणाकार विसरताय. ही संख्या द्विमान पद्धतीत सलग १३,६२,७९,८४१ वेळा १ आहे, त्यामुळे बाकी काढायला भागाकार लागत नाही; वर्गाचे वरचे बिट खालच्या बिटांत मिळवले की झालं. वर्ग मात्र एफएफटीने (संख्येचे तुकडे करून मोठा गुणाकार झटपट करण्याची पद्धत), फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे ठरावीक अचूकतेच्या अपूर्णांकी संख्यांत होतो. एका तुकड्यात साधारण १८ बिट बसतात. जास्त कोंबले तर राउंडिंगची चूक ०.५कडे सरकते आणि शेजारचाच पूर्णांक हाती येतो. म्हणून पक्कं करताना प्रोग्रॅम, एफएफटीची लांबी आणि यंत्र, तिन्ही बदला. त्याच प्रोग्रॅमने तीच चूक दोनदा केली तर निकाल जुळतील, पण कळणार काहीच नाही.

शेषफल: पायरी, हे अगदी बरोबर. वर्गमूळ, नापास निकालांपुरतं तुमचं पटलं. शीर्षकात मात्र 'ज्ञात ५२वी' लिहा. मधल्या सगळ्या घातांकांची दुबार तपासणी झालेली नाही, एखादी लहान मर्सेन मूळ संख्या निसटलेली असू शकते.