पट आणि जंगल, दोन्हीसाठी एकच लेन्स: ३०० एफ/४ घेऊ का ५०० साठी थांबू?

चिमूरचा_पटवाला

नमस्कार मंडळी. मी चिमूर तालुक्यातला, शेती करतो अन् फोटोचा नाद हाय सहा वर्षांपासून. बॉडी निकॉन डी७५००, तिच्यावर जुनं ७०-३०० झूम. मी दोनच गोष्टी जास्त काढतो. एक शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हापासून आमच्याकडे पट पुन्हा जोरात भरून राहिले. दुसरं जंगल, ताडोबाचं कोलारा गेट जवळ पडते म्हणून वर्षातून चार-पाच सफारी होतात, बहुतेक बफरच्या, म्हणजे कोरच्या बाहेरच्या जंगलातल्या.

अडचण अशी की ३०० वर नेलं की हे झूम सॉफ्ट पडते, अन् पटात तर फोकस एवढा मागं राहते की जोडी निघून जाते अन् मागं उभी असलेली माणसं शार्प येतात. मागच्या हंगामात एका जोडीचा धुरकरी, म्हणजे हाकणारा, पार आडवा झाला होता छकड्यावर, बैलांचे चारही कान मागं, असा क्षण पुन्हा भेटत नाही, अन् फोटोत फक्त पाठीमागचा मंडप स्पष्ट. लय जीव जळला.

यंदा सोयाबीनच्या पैशातून ८० हजार बाजूला ठेवले. नागपूरला एक जण ३०० मिमी एफ/४ पीएफ (लेन्स हलकं ठेवणारी खास काच असलेलं) विकून राहिला, भाव तेवढ्यात बसते. घरचे मित्र म्हणतात वाघासाठी ३०० कमी पडते, अजून दोन हंगाम थांब अन् ५०० एफ/५.६ पीएफ घे. तिसरा म्हणतो प्राइमच्या, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सच्या, भानगडीत पडूच नको, २००-५०० झूम घे. काय करू? ज्यांनी वापरलं त्यांनीच सांगा.

वर्धेची_ताई

दादा, माझ्याकडे ५०० पीएफ आहे, बोर आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात तोच नेते, तरी तुम्हाला लगेच ५०० घ्या म्हणणार नाही. आधी एक हिशोब करा. तुमच्या सेन्सरची रुंदी २३.५ मिमी. तिला फोकल लेंथनं, म्हणजे लेन्सच्या ३०० किंवा ५०० या आकड्यानं, भागायचं आणि समोरच्या अंतरानं गुणायचं, की फ्रेममध्ये किती रुंदीची गोष्ट मावते ते कळतं.

२० मीटरवर वाघ असेल तर ५०० मध्ये मावतं जेमतेम ९४ सेंटिमीटर, म्हणजे तोंड आणि खांदा, बस. ३०० मध्ये दीड मीटरच्या वर. आणि पटात ४० मीटरवरून समोरून येणारी जोडी धरा, ३०० मध्ये तीन मीटरच्या वर रुंदी मिळते, दोन्ही बैल, धुरकरी, वरून थोडी मोकळी जागा. ५०० मध्ये १.९ मीटर, एका बैलाचं शिंग कापलं जाणार म्हणजे जाणारच, आणि प्राइम असल्यामुळे मागे घेता येत नाही, तुम्हालाच मागे सरकावं लागतं आणि पटात मागे गर्दी असते.

दुसरी गोष्ट उजेड. एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त, एफ/४ आणि एफ/५.६ मध्ये बरोबर दुप्पट फरक. डिसेंबरात सकाळी गेट उघडल्यावर पहिला अर्धा तास बांबूच्या सावलीत जे आयएसओ ६४०० वर (आयएसओ वाढला की फोटोत दाणे दिसतात) काढावं लागतं ते एफ/४ वर ३२०० मध्ये निघतं, आणि डी७५०० वर हा फरक डोळ्याला दिसतो. मे महिन्यात उलटी गोष्ट, उजेड भरपूर पण दहा वाजेपासून जमिनीवरून झळा उठतात, लांबच्या वाघाचा फोटो कोणत्याही लेन्सनं उकळल्यासारखाच येतो. तिथं ५०० असून काही उपयोग नाही, जनावर जवळ यायची वाट बघायची.

जिप्सी_कोलारा

भाऊ, मी फोटोग्राफर नाही, गाडी चालवतो, पण मागं बसलेल्याईचे लेन्स रोज पाहतो म्हणून सांगतो. मोठं लेन्स घेऊन येणाऱ्या पाव्हण्याचा अर्धा वेळ ते उचलण्यात जाते. वाघ आमच्या इकडं बरेच वेळा रस्त्यानंच चालत येते, सरळ गाडीकडं, अन् मी गाडी मागं मागं घेत राहतो, तेव्हा लांबच्या लेन्सवाले म्हणतात अजून मागं घ्या, अजून मागं, अन् मागं दुसऱ्या चार गाड्या उभ्या. छोटं लेन्सवाला तोवर काढून मोकळा.

एक विनंती, लेन्स कमी पडला म्हणून गाडी जवळ न्याले सांगू नका. २० मीटरचा नियम हाय, अन् नियम नसता तरी जनावर बिचकलं की तो फोटो काय कामाचा. बीनबॅग घरून आणा, त्यात तांदूळ नाहीतर हरभरा भरा, लय गच्च नका भरू, लेन्स बसली पाहिजे तिच्यात. रेलिंगवर ठेवा अन् मले सांगा, मी इंजिन बंद करतो. इंजिन चालू असलं तर रेलिंग थरथरते, मग लेन्सले दोष देऊन उपयोग नाही.

गोंदियाचा_सारसवाला

मी थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे धानाच्या बांधावर सारस उभा असतो, जवळ जाणं बरोबर नाही, घरट्याच्या दिवसात तर मुळीच नाही, अशा वेळी ३०० खरंच तोकडं पडतं. नवेगाव बांधच्या पाण्यावरची बदकं तर ठिपके दिसतात. म्हणून ३०० घ्यायचंच तर सोबत १.४ चा टेलिकन्व्हर्टर धरून चला, टीसी-१४ई थ्री, लेन्स अन् बॉडीच्या मध्ये लावायचं, पल्ला १.४ पट करणारं. ४२० एफ/५.६ होतं, डी७५०० चे ऑटोफोकस पॉइंट एफ/५.६ पर्यंत नीट चालतात, म्हणून काही अडत नाही. हाच कन्व्हर्टर २००-५०० वर लावला की एफ/८ होतं, मग फक्त मधला पॉइंट राहतो, अन् सकाळच्या उजेडात तोही इकडंतिकडं शोधत बसतो.

मी स्वतः २००-५०० तीन वर्षं वापरलं. लेन्स चांगलंच आहे, खोटं बोलणार नाही. पण वजन २३०० ग्रॅम, अन् झूम करताना नळी पुढं येते, तुमच्या पटातल्या धुराळ्यात हे मला पटत नाही. ३०० पीएफ ७५५ ग्रॅमचं, दिवसभर हातात धरा. एकच, त्याच्यासोबत ट्रायपॉड कॉलर येत नाही, वेगळी घ्यावी लागते, अन् समोर सूर्य किंवा फ्लडलाइट असेल तर पीएफ काचेमुळं रंगीत चकाकी येऊ शकते. रात्रीची कबड्डी काढत असाल तर हे लक्षात ठेवा.

चिमूरचा_पटवाला

सगळ्याईले मनापासून धन्यवाद. ताई, तुमचा हिशोब वहीत लिहून घेतला. एक शंका राहिली, पटात फोकस मागं राहते तो लेन्सचाच दोष का माझा?

वर्धेची_ताई

दोन्ही असेल. लेन्स घ्यायच्या आधी एक करा, येत्या पटाला तुमच्या ७०-३०० ची रिंग ३०० वर नेऊन चिकटपट्टी लावून टाका आणि पूर्ण दिवस तसंच काढा. शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या खाली येऊ देऊ नका, स्थिरीकरण तुमचा हात थांबवतं, बैल नाही थांबवत. फोकस कंटिन्युअस (हलत्या गोष्टीमागे सतत जाणारा), ग्रुप एरिया (एका ऐवजी काही पॉइंट मिळून धरणारा), आणि जोडी सुटायच्या आधीपासून तिच्यावर धरून ठेवा, मध्येच पकडायला गेलात की कॅमेरा गर्दीकडे पळतो. आणि कृपा करून रेषेच्या समोर उभे राहू नका, जोडी थांबत नसते, बांबूच्या कठड्यामागूनच काढा.

घरी येऊन बघा, किती वेळा वाटलं थोडं मागं पाहिजे होतं आणि किती वेळा थोडं पुढं. ते तुमचं उत्तर.

चिमूरचा_पटवाला

रविवारी पट होता, चिकटपट्टी लावून दिवसभर काढले, म्हणून आज लिहून राहिलो. पहिल्या तासात जीव कासावीस झाला, हात सारखा रिंगकडं जाय. मग जागाच बदलली, शेवटच्या रेषेपासून थोडं पलीकडं कठड्यामागं, अन् तिथून ३०० एकदम बरोबर बसलं. पुढं पाहिजे होतं असं दोनदाच वाटलं, मागं पाहिजे होतं असं लय वेळा. ग्रुप एरियानं फोकस सुधारला, पण वेगात आलेल्या जोडीवर झूम अजूनही दमते, ते लेन्सचंच हाय हे आता कळलं.

जंगलातले जुने फोटोही काढून पाहिले. वाघाचे जे बरे आले ते सगळे जवळचे, अन् जे लांबचे होते ते ५०० नंही काही झाले नसते, मधात बांबू होता.

तर ३०० पीएफ पक्कं. कन्व्हर्टर पुढच्या हंगामात. शनिवारी नागपूरला जाऊन राहिलो, पाहताना काय काय तपासू?

गोंदियाचा_सारसवाला

टॉर्च न्या, मागून उजेड टाकून समोरून पाहा, काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे, स्वस्त देत असला तरी परत या. मी एकदा पावसाळ्यात घाईत घेतलं होतं, दोन महिन्यांत कळलं. स्वतःची बॉडी नेऊन लावा, याचं छिद्र (एफचा आकडा ठरवणारं) कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक इशाऱ्यावर चालतं, म्हणून एफ/४, एफ/८, एफ/१६ असे तिन्ही काढून पाहा. दुकानाबाहेर जाऊन येणाऱ्या स्कूटरवर फोकस धरा, दहा-बारा फ्रेम, मागच्या स्क्रीनवर मोठं करून नंबर प्लेट वाचता आली पाहिजे. थोडं पुढंमागं वाटलं तर घाबरू नका, डी७५०० मध्ये एएफ फाइन ट्यून आहे, त्यानं फोकस थोडा पुढंमागं जुळवता येतो. सिलिका जेलची पाकिटं येतानाच घेऊन या.

जिप्सी_कोलारा

अन् भाऊ, घेतल्यावर मंगळवारी येऊ नका, कोर बंद राहते. बीनबॅग विसरले तर माझ्या गाडीत एक हाय, हरभऱ्याची.